गाव तेच, पत्ता निराळा

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या प्रवाशाने महाराष्ट्राची सीमा ओलांडली की थोड्याच वेळात त्याला लोधीखेडा लागते. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि शेतात संत्री व कपाशी, असा हा सीमेवरचा मुलूख आहे. या गावाने आपली जागा कधी तसूभरही सोडलेली नाही. पण त्याचा पत्ता मात्र फिरत राहिला. १९५० पासून १९५६ पर्यंत हे गाव ज्या मध्यप्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि लोधीखेड्याची राजधानी भोपाळ झाली. राज्याचे नाव पूर्वीचेच, पण त्या नावाखालचा प्रदेश निराळा! पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हा भाग छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सौंसर तालुक्यातील लोधीखेड्याच्या पत्त्यात तेव्हापासून छिंदवाड्याच्या जागी पांढुर्णा आला.

गावात राहणाऱ्याला या फेरबदलाने फारसे काही जाणवत नाही. त्याची विहीर तेथेच असते, त्याची शाळाही तेथेच असते. अडचण होते ती दूरवरून त्या गावाला हाक मारणाऱ्याची. ज्याच्या वहीत जुना पत्ता लिहिलेला आहे त्याची हाक एक तर कोठेच पोहोचत नाही, किंवा भलत्याच ठिकाणी पोहोचते.

हीच गोष्ट आज संगणकाच्या पडद्यावरील अर्जांच्या बाबतीत घडत असते. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पीकविमा, परीक्षेचे शुल्क, नोकरीचे आवेदन, यांतील बहुतेक कामे आता कागदावर होत नाहीत. पडद्यावर रकाने मांडलेले असतात आणि त्यांत माहिती भरावयाची असते. काल बिनबोभाट चालत असलेला असा अर्ज आज एकाएकी अडून बसतो. जिल्हा निवडला तरी तालुक्यांची यादी उघडत नाही. जन्मतारीख भरली तरी वयाचा रकाना रिकामाच राहतो. विचारणा केली तर उत्तर मिळते, ‘यंत्रणा अद्ययावत करण्याचे काम चालू आहे.’ हे उत्तर खोटे नसते. पण यंत्रणा सुधारल्यावर अर्ज बिघडावा का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर रकान्यांच्या नावांत दडलेले आहे.

पडद्यावरील प्रत्येक रकान्याला साधारणतः तीन नावे असतात. पहिले नाव डोळ्यांना दिसते. ‘वडिलांचे नाव’ किंवा ‘जिल्हा’ असा जो मथळा रकान्याशेजारी छापलेला असतो, ते हे नाव. दुसरे नाव दिसत नाही. अर्ज पाठविल्यावर भरलेली माहिती सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकाकडे जाते, तेव्हा प्रत्येक उत्तराला एक चिठ्ठी बांधलेली असते; त्या चिठ्ठीवरचे नाव ते हे. त्याला ‘नेम’ असेच म्हणतात. तिसरे नाव हे पानातल्या पानात हाक मारण्यासाठी असते. त्याला ‘आयडी’ म्हणतात. येथे त्याला ओळखखूण म्हणू. एका पानात एक ओळखखूण एकाच वस्तूला असावी, दोघांना एकच असू नये, हा वेबपानांच्या लेखनाचा मूळ नियम आहे.

या ओळखखुणेवर किती जण विसंबून असतात, हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व कळते. अर्जाच्या पानात छोटे छोटे आज्ञालेख असतात. ‘जिल्ह्याच्या रकान्यात काय निवडले ते पाहा आणि त्याप्रमाणे तालुक्यांची यादी भर’, असे त्यांतला एखादा आज्ञालेख सांगतो. पण जिल्ह्याचा रकाना कोणता, हे त्याला ओळखखुणेवरूनच कळते. रकान्याची रुंदी आणि रंग ठरविणारे नियमही कित्येकदा तिच्याच आधाराने लिहिलेले असतात. अर्ज नीट चालतो की नाही हे रोज आपोआप तपासणारी परीक्षणयंत्रेही तिलाच विचारीत जातात. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा विसंबणारा म्हणजे रकान्याचा मथळा स्वतः. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० ही वेबपानांची संहिता प्रसिद्ध झाली. तीत ‘लेबल’ नावाची सोय करण्यात आली. हा मथळा अमक्या ओळखखुणेच्या रकान्याचा आहे, असे तीत नोंदवून ठेवता येते. डोळस माणसाला ही नोंद दिसत नाही आणि तिची गरजही भासत नाही. ती कोणाला भासते, ते पुढे येईलच.

आता ही ओळखखूण ठेवते कोण? पूर्वी ती अर्ज लिहिणारा प्रोग्रामरच ठेवीत असे. पण मोठ्या कचेरीचे अर्ज शेकड्यांनी असतात. प्रत्येक अर्जासाठी तीच तीच कामे नव्याने करीत बसणे परवडत नाही. म्हणून फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकट, वापरण्याची रीत पडली. सुताराने दाराची चौकट घडवून ठेवावी आणि गवंड्याने ती भिंतीत बसवावी, तसा हा प्रकार आहे. अर्जाचे डोके, पाय, रकाने, चुकांच्या सूचना हे सारे चौकट पुरविते. प्रोग्रामरने आपल्या कामापुरता मजकूर तीत बसवावयाचा. या सोयीबरोबर एक अधिकारही चौकटीकडे जातो, तो म्हणजे रकान्यांना ओळखखुणा देण्याचा.

चौकट हे काम कसे करते, हे समजण्यास वसईकडील ख्रिस्ती गावांचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे एका धर्मग्रामात आंतोन नावाचे दहाजण सहज निघतात. आपल्या आळीत ‘आंतोन’ अशी हाक मारली तर कोणता आंतोन ते सर्वांना कळते. परंतु चर्चच्या नोंदवहीत नुसते ‘आंतोन’ लिहून भागत नाही. तेथे बापाचे नाव जोडावे लागते, आळीचे नाव जोडावे लागते. चौकटही हेच करते. प्रोग्रामरने रकान्याला ‘नाव’ म्हटले, तरी तशा नावाचा दुसरा रकाना पानाच्या दुसऱ्या भागात असू शकेल, या धास्तीने चौकट त्या रकान्याच्या मागे त्याच्या घराचे नाव लावते, घराच्या मागे आळीचे लावते, आणि असे लांबलचक नाव तयार करते. हेतू चांगलाच असतो. एका नावाचे दोघे होऊ नयेत, एवढाच. पण हे कुटुंब एका आळीतून दुसऱ्या आळीत राहावयास गेले तर? माणूस तोच, पण नोंदवहीतील पुरे नाव बदलले. त्या पुऱ्या नावावर ज्यांनी विश्वास ठेवला होता त्यांची पंचाईत झाली.

या गोष्टीचे खरे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या चौकटीचे आहे. तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००२ मध्ये आली. तिच्यात चौकटीने आपणहून दिलेल्या नावांचा आरंभ अधोरेषेने होत असे, आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या नावाचे तुकडे अपूर्णविरामाने जोडलेले असत. एचटीएमएल ४ चा नियम तर असा होता की, ओळखखुणेचा आरंभ अक्षरानेच झाला पाहिजे. २००५ च्या नोव्हेंबरात २.० ही आवृत्ती आली. तीत आरंभीची अधोरेषा गेली आणि ‘सीटीएल००’ अशी अक्षराने सुरू होणारी नावे आली. अपूर्णविरामाच्या जागी डॉलरचे चिन्ह आले. सुधारणा योग्यच होती. परंतु ज्यांनी आपल्या आज्ञालेखांत जुनी नावे अपूर्णविरामासकट लिहून ठेवली होती, त्यांचे लेख नव्या आवृत्तीत मुके झाले.

त्याच २.० आवृत्तीत ‘मास्टर पेज’ नावाची मोठी सोय आली. संस्थेचे नाव, बोधचिन्ह, वरची पट्टी, खालची पट्टी हे सारे एका मुख्य पानात एकदाच मांडावयाचे आणि बाकीची पाने त्याच्या पोटात बसवावयाची. कामाची केवढी बचत! पुष्कळांनी आपले जुने अर्ज उचलून या नव्या छपराखाली आणले. त्याबरोबर ज्या रकान्याची ओळखखूण नुसती ‘टेक्स्टनेम’ होती तिचे ‘सीटीएल००_कंटेंटप्लेसहोल्डर१_टेक्स्टनेम’ झाले. रकाना तोच, मथळा तोच, जागाही तीच. वर एक छप्पर आले एवढेच. आणि लोधीखेड्यावर जिल्हा बदलला तसे त्याचे पुरे नाव बदलले.

मग नवी आवृत्ती घ्यावीच कशाला, असे कोणी विचारील. त्याला सोय नाही. चौकट बनविणारे जुन्या आवृत्तीची डागडुजी काही वर्षांनी थांबवितात. त्यानंतर तिच्यात एखादे भगदाड सापडले, तर ते बुजविणारा कोणी राहत नाही. आणि नागरिकांची माहिती साठविणाऱ्या यंत्रणेत भगदाड ठेवणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून झोपण्यासारखे आहे. बदल टाळता येत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो बदल करताना हाकांची काळजी कशी घ्यावी, एवढाच.

नाव बदलल्याने होणारे बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत हाक कोठेच पोहोचत नाही. समजा, लोधीखेड्याचा एखादा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. त्याने जिल्ह्याच्या यादीतून पांढुर्णा निवडला. आता सौंसर आणि पांढुर्णा ही तालुक्यांची नावे समोर यावयास हवीत. पण आज्ञालेख ज्या ओळखखुणेचा रकाना शोधतो आहे ती खूण पानात उरलेलीच नाही. ‘असा कोणी येथे राहत नाही’ असे उत्तर त्याला मिळते आणि तो तेथेच थांबतो. विद्यार्थ्याला यातले काही कळत नाही, कारण चुकीची नोंद ब्राउझर अशा कोपऱ्यात करतो की जेथे प्रोग्रामरखेरीज कोणी डोकावत नाही. मुलगा तेच बटण पुनःपुन्हा दाबतो, इंटरनेट मंद असेल असे समजून उद्या येण्याचे ठरवितो, आणि मुदतीचा एक दिवस निघून जातो. तरीही हा बिघाड त्यातल्या त्यात बरा म्हणावयाचा. कारण काहीतरी बिघडले आहे एवढे तरी त्यात कळते.

दुसरी जात अधिक घातक आहे. तीत हाक पोहोचते, पण भलत्याकडे. शाळेच्या हजेरीपटावरून हे चटकन ध्यानात येईल. हजेरीपटात मुलांचे क्रमांक लावलेले असतात. वर्षाच्या आरंभी एक नवा मुलगा आला आणि त्याचे नाव मध्येच घालून क्रमांक पुन्हा लावले, तर त्याच्या खालच्या प्रत्येकाचा क्रमांक एकाने पुढे सरकतो. ‘बारा’ अशी हाक दिली तर कोणीतरी ‘हजर’ म्हणतोच. मात्र तो कालचा बारा नसतो. ज्या रकान्यांना प्रोग्रामरने स्वतः नाव दिलेले नसते त्यांना एएसपी डॉट नेट अशाच क्रमाने खुणा देत असे. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक. अर्जाच्या वरच्या भागात एखादी सूचना नव्याने घातली की खालचे सारे क्रमांक सरकले. मग ज्या आज्ञालेखाने तिसऱ्या रकान्यात वडिलांचे नाव लिहावयाचे, तो आता ते आईच्या नावाच्या रकान्यात लिहितो. पडदा तक्रार करीत नाही, यंत्र अडत नाही, अर्ज स्वीकारला जातो. चूक उघडकीस येते ती काही महिन्यांनी, दाखला हातात पडल्यावर. १९५६ नंतर ‘मध्यप्रदेश’ हे नाव जुन्या अर्थाने वापरणाऱ्याची जी गत झाली असती, तीच ही. नाव सापडले, म्हणून वस्तूही तीच सापडली, असे होत नाही.

हे दोन्ही बिघाड डोळस माणसाला त्रास देतात. पण ज्याला पडदा दिसतच नाही, त्याच्यापुढे यामुळे दारच बंद होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात दृष्टिबाधित व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. त्यांच्यापैकी संगणक वापरणारे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या वाचकयंत्रणेचा आधार घेतात. एनव्हीडीए ही अशीच एक विनामूल्य यंत्रणा आहे. तिचे काम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि जेम्स टेह यांनी ते पुढे वाढविण्यास हातभार लावला. हे दोघेही स्वतः अंध आहेत. अशी यंत्रणा चालविणारा माणूस कळफलकावरील टॅब ही कळ दाबीत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो, आणि प्रत्येक ठिकाणी यंत्रणा त्याला मोठ्याने सांगते, ‘वडिलांचे नाव, लिहिण्याचा रकाना’. हे तिला कळते कसे? मथळा आणि रकाना यांची ओळखखुणेने मारलेली जी गाठ वर सांगितली, तिच्यामुळे. ती गाठ सुटली की यंत्रणा एवढेच म्हणू शकते, ‘लिहिण्याचा रकाना’. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. वीस रकाने, आणि वीस वेळा एकच शब्द! मथळा पडद्यावर शेजारीच छापलेला असतो, पण ते ‘शेजारी’ डोळ्यांनाच कळते.

अशी गाठ सुटण्याचा प्रकार नावाजलेल्या चौकटीतही घडून गेला आहे. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये लोकांपुढे ठेवलेली रेल्स ही चौकट जगभर वापरली जाते. एप्रिल २०१७ मध्ये तिची ५.१ ही आवृत्ती आली. तीत अर्ज मांडण्याची नवी पद्धत देण्यात आली. आणि त्या पद्धतीने मांडलेल्या रकान्यांना आपोआप ओळखखूण देण्याची जुनी रीत सोडून देण्यात आली. जे हवे ते प्रोग्रामरने स्वतः लिहावे, असा विचार त्यामागे होता. परंतु जुन्या सवयीने ज्यांनी काही लिहिले नाही, त्यांच्या अर्जांतील मथळे आणि रकाने एकमेकांपासून तुटले. पडद्यावर रेघही हलली नाही. चूक दिसत नव्हती, ती केवळ ऐकू येत होती. एप्रिल २०१८ मधील ५.२ आवृत्तीत ओळखखुणा देण्याची रीत पुन्हा लागू करण्यात आली.

आपल्या देशात हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती व दळणवळणाची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, हे कायद्यात आणले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर असा निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. एका रकान्याच्या ओळखखुणेवर कोणाचा तरी मूलभूत हक्क टेकलेला असू शकतो, हे प्रोग्रामरने आणि त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्यानेही ध्यानात ठेवले पाहिजे.

यावर उपाय काय? तो शाळेच्या दप्तरातच आहे. हजेरीपटातील क्रमांक वर्षाला बदलतो. पण शाळेत प्रवेश घेताना सर्वसाधारण नोंदवहीत, म्हणजे जनरल रजिस्टरमध्ये, मिळालेला क्रमांक मूल शाळा सोडीपर्यंत बदलत नाही. वर्ग बदलो, तुकडी बदलो, शिक्षक बदलो, तो क्रमांक तोच राहतो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरतो. पहिला क्रमांक मूल कोठे बसले आहे ते सांगतो. दुसरा ते कोण आहे ते सांगतो. ज्या नावाने इतरांनी हाक मारावयाची, ते नाव दुसऱ्या जातीचे असले पाहिजे.

एएसपी डॉट नेट बनविणाऱ्यांनाही हे अनुभवाने पटले. एप्रिल २०१० मधील ४.० आवृत्तीत त्यांनी ओळखखूण कशी तयार व्हावी हे ठरविण्याचा अधिकार प्रोग्रामरला परत दिला. छपराचे नाव न जोडता, ठेवले तेच नाव कायम राखण्याची सोय झाली. त्याबरोबर नव्या कामांसाठी आपोआप तयार होणारी नावे अधिक सुटसुटीत करण्यात आली. मात्र जुने काम नव्या आवृत्तीत नेताना ‘नावे पूर्वीच्याच पद्धतीने राहू द्या’ अशी नोंद मांडणीच्या फाइलीत आपोआप घातली जाई. हे शहाणपणाचे होते. नव्याला नवी रीत, आणि जुन्याशी जुना करार. ज्या कचेऱ्यांत ती नोंद कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने काढून टाकली असेल, तेथे जुनाच घोटाळा नव्याने सुरू झाला असेल, हे सांगावयास नको.

तथापि कायम नावाला दुसरी बाजू आहे. छपराचे नाव गाळले की एका पानात दोन आंतोन येण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. अर्जात अर्जदाराचा पत्ता आणि पालकाचा पत्ता असे दोन भाग असले, आणि दोन्हींतील रकान्याला ‘गाव’ हेच कायम नाव दिले, तर हाक पहिल्याच गावाला जाऊन पोहोचते. दुसरे गाव तिला दिसतच नाही. म्हणून कायम नाव ठेवणाऱ्यावर ते एकमेव राखण्याची जबाबदारी येते. ‘अर्जदार-गाव’, ‘पालक-गाव’ असा भेद त्याने स्वतः केला पाहिजे. चौकट हे काम करीत होती तेव्हा ती उगाच लांब नावे देत नव्हती.

दुसरा उपाय म्हणजे नाव पाठ न करता दर वेळी चौकटीलाच विचारणे. बहुतेक चौकटींत ‘या रकान्याची आजची ओळखखूण काय?’ असे विचारण्याची सोय असते. आज्ञालेखाने ते उत्तर घ्यावे आणि हाक मारावी. मग छप्पर बदलले तरी हाक चुकत नाही. ज्याने उत्तराचा घाटच गृहीत धरला तो मात्र येथेही फसतो. रिअ‍ॅक्ट या सुप्रसिद्ध साधनाने मार्च २०२२ मधील १८व्या आवृत्तीत ओळखखुणा पुरविणारी एक सोय दिली. त्या खुणांच्या दोन्ही बाजूंस अपूर्णविराम असत. २०२५ मध्ये १९.१ आवृत्तीत त्यांच्या जागी कोनाकृती अवतरणे आली आणि त्याच वर्षी १९.२ मध्ये अधोरेषा आल्या. ज्यांनी खूण विचारून घेतली आणि तशीच वापरली त्यांना या फेरबदलांचा पत्ताही लागला नाही. ज्यांनी तिची अक्षरे आपल्या लेखात लिहून ठेवली, त्यांना एकाच वर्षात दोनदा दुरुस्ती करावी लागली.

तिसरा उपाय सर्वांत साधा आहे, आणि बहुधा त्यामुळेच तो राहून जातो. चौकट बदलण्यापूर्वी अर्जातील सर्व नावांची यादी करून ठेवावी. बदलल्यानंतर पुन्हा यादी करावी आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावी. कोणते नाव गेले, कोणते नवे आले, आणि कोणते नाव तेच राहून दुसऱ्या रकान्याला चिकटले, हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते. मग माऊस बाजूला ठेवून, डोळे मिटून, वाचकयंत्रणा लावून एकदा पुरा अर्ज भरून पाहावा. जो अर्ज कानांनी भरता येतो, त्याचे मथळे आणि रकाने यांच्या गाठी पक्क्या आहेत असे खुशाल समजावे.

नावाचा आणि ठिकाणाचा हा भेद संगणकाच्या आधीही शहाण्या माणसांना ठाऊक होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात काव्यरचना करीत. त्यांनी सहा अंकांची ही व्यवस्था टपालाच्या वाटांवर उभी केली. महसुली जिल्ह्यांच्या सीमांना ती बांधलेली नाही. २००० साली छत्तीसगढ राज्य वेगळे झाले, तेव्हा मोटारींच्या पाट्यांवर ‘एमपी’च्या जागी ‘सीजी’ ही अक्षरे आली. पण त्या प्रदेशातील टपालाचे पिन कोड पूर्वीचेच राहिले. लोधीखेड्यालाही हाच अनुभव आहे. जिल्ह्याचे नाव पालटले, तरी छिंदवाड्याच्या बाजूचा ४८० ने सुरू होणारा पिन कोड त्या टापूत तसाच चालू आहे. जनगणना खात्याचीही वाटचाल याच दिशेने झाली. २००१ मध्ये गावाचा क्रमांक राज्य, जिल्हा, तालुका अशा पायऱ्यांनी बनलेला होता. २०११ मध्ये प्रत्येक गावाला आणि शहराला साऱ्या देशात दुसऱ्या कोणालाही नाही असा सहा अंकी क्रमांक देण्यात आला.

लोधीखेड्याच्या रेल्वे स्टेशनावरून पूर्वी नॅरो गेजची गाडी जात असे. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, जुने रूळ उखडण्यात आले आणि त्या जागी साडेपाच फुटांचा ब्रॉडगेज मार्ग घालण्यात आला. रूळ, इंजिने, डबे, पूल, सारी चौकटच बदलली. पण स्टेशनाचे नाव कोणी बदलले नाही. आणि नव्या गाडीत बसणारा म्हातारा खिडकीशी जुन्याच नावाने तिकीट मागतो आणि आपल्या गावी उतरतो. अर्जाची चौकट बदलणाऱ्यांनी आपले काम करताना त्या म्हाताऱ्याला डोळ्यांपुढे ठेवावे.